तिच्या दातांचं माप

माझे वरचे दात काढायचं ठरलं तेव्हा मला काळजी दातांची नव्हती. बुधवारी मुलीला कुठे ठेवायचं, याची होती.

ती एकतीस वर्षांची आहे. उंचीने माझ्यापेक्षा वीतभर जास्त. तिला ऑटिझम आहे. बोलते थोडंच, आणि जे बोलते त्यातलं निम्मं मराठी, निम्मं इंग्लिश. रोज सकाळी, अशा मोठ्या मुलांना दिवसभर सांभाळणाऱ्या डे प्रोग्रॅमची व्हॅन तिला न्यायला यायची, पण त्या वर्षी त्यांच्याकडे माणसं कमी पडली आणि त्यांनी बुधवार बंद केला. माझे मिस्टर स्कूल बस चालवतात, त्यामुळे सकाळी आणि दुपारी ते घरी नसतात. मी एका ग्रोसरीच्या बेकरीत काम करते आणि माझी सुट्टी बुधवारची. म्हणजे जी काही बाहेरची कामं करायची ती बुधवारी, आणि तिला बरोबर घेऊन.

एरवी ती माझ्याबरोबर कुठेही येते. मॉलमध्ये येते, चर्चमध्ये महिन्यातून एकदा असणाऱ्या मराठी मिस्साला येते, विंटर टायर बदलायला गॅरेजमध्येसुद्धा येते. कानांवर हेडफोन असले की झालं. फक्त दातांचा दवाखाना म्हटला की तिचं अंग ताठ व्हायचं. पार्किंग लॉटमध्ये शिरतानाच तिला कळायचं आणि ती सीट बेल्ट घट्ट धरून बसायची.

त्याला कारण होतं. आम्ही वसईहून इथे कॅनडात आलो तेव्हा ती लहान होती. एका दवाखान्यात तिला तिघांनी मिळून धरून दात तपासले. तिने एकीच्या बोटाला चावा घेतला. त्यानंतर तोंडाजवळ कुणाचाही हात आला की ती मान फिरवायची, माझा आला तरी. मग हॉस्पिटलमध्ये पूर्ण भूल देऊन दातांचं काम करायचं, एवढा एकच मार्ग उरला. त्यासाठी नंबर लागायला खूप वेळ जायचा आणि तोवर जे किडायचं ते किडत राहायचं. मागच्या खेपेला तिच्या दोन दाढा काढाव्या लागल्या. शुद्धीवर आली तेव्हा तोंडात रक्ताची चव आणि जीभ लावावी तिथे खड्डा. आम्ही तिला आधी चित्रं दाखवून समजावलं होतं, पण चित्रात तो खड्डा नव्हता. घरी आल्यावर तिने वॉशरूममधला ब्रशचा मग उचलला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. तेव्हापासून तिचं दात घासणं म्हणजे ओल्या कापडाने पुढचे दात पुसणं, तेही स्वतःच्या हाताने आणि मनात येईल तेव्हा.

माझ्या दातांची गोष्ट साधी होती. हिरड्या गेल्या होत्या, वरचे दात हलत होते. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आधी कवळी तयार करून घ्या, मग मी दात काढते आणि त्याच दिवशी कवळी बसवू. कवळी बनवणाऱ्याचं दुकान आम्ही राहतो त्या रिचमंड हिलमध्येच होतं, एका प्लाझात, फार्मसी आणि इराणी बेकरीच्या मधे. इथे अशा माणसाला डेंच्युरिस्ट म्हणतात. तो दात काढत नाही, भरत नाही, फक्त कवळ्या करतो.

पहिल्या बुधवारी मी तिला म्हटलं, "मम्मीचे दात. तुझे नाही."

"मम्मीचे," ती म्हणाली, आणि गाडीतून उतरली. पण दुकानाच्या दारात थांबली.

डेंच्युरिस्ट साठीचे इराणी गृहस्थ होते. हळू बोलायचे, आणि बोलताना हातातलं काम थांबवायचे. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"ती आत येणार नाही," मी म्हटलं. "आली तर बरं, नाहीतर मला दार दिसेल अशी बसवा."

"दार उघडंच ठेवू," ते म्हणाले. "थंडी येईल, तुम्ही कोट घालून बसा."

मी कोट घालून त्यांच्या खुर्चीत बसले. आतल्या बाजूला त्यांचं वर्कशॉप होतं आणि मधल्या काचेतून तिथली फळी दिसत होती. फळीवर ओळीने प्लास्टरचे जबडे मांडलेले. पांढरे, पिवळसर, काही निळे. मला ते बघून कसंसंच झालं. तिला मात्र झालं नाही. थोड्या वेळाने पाहिलं तर ती दारातून आत येऊन काचेला नाक लावून उभी होती. एकासारखी एक वस्तू ओळीने मांडलेली असली की ती तासन् तास बघू शकते.

माझं माप घेताना माझीच फजिती झाली. गुलाबी लगद्याने भरलेला ट्रे त्यांनी वरच्या दातांवर दाबला आणि मला उमासे यायला लागले. डोळ्यांतून पाणी, नाकातून सूं सूं. आता ही घाबरून बाहेर पळणार, असं मला वाटलं. ती पळाली नाही. काच सोडून माझ्याजवळ आली, वाकून माझ्या तोंडात बघायला लागली. लगद्याला स्ट्रॉबेरीचा वास होता. ट्रे बाहेर आला तशी ती पुढे झाली आणि तिने त्या थिजलेल्या गुलाबी गोळ्यात बोट घातलं, माझ्या दातांनी केलेल्या खाचांमध्ये. एका खाचेतून दुसऱ्या खाचेत, सावकाश.

मी "नको" म्हणायला गेले, तर डेंच्युरिस्ट म्हणाले, "राहू द्या. बिघडलं तर मी परत घेईन. तुमचा उमाशांचा सराव होईल."

पुढच्या बुधवारी माझा जबडा प्लास्टरमध्ये तयार होता. त्यांनी तो मला न देता तिच्या हातात दिला. तिने अंगठा दातांवरून फिरवला. मग मला हनुवटीला धरून तोंड उघडायला लावलं आणि माझ्या तोंडात बघितलं, परत हातातल्या दातांकडे बघितलं. माझा एक पुढचा दात जरा तिरका आहे. तो दोन्हीकडे सापडला तेव्हा ती हसली.

"मम्मी," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "माझे?"

मला आधी कळलंच नाही. तिने फळीकडे बोट केलं. "माझे? व्हेअर?"

तिचे दात त्या फळीवर कुठे आहेत, असं ती विचारत होती.

घरी मी हे सांगितलं तेव्हा मिस्टर जेवताना थांबले. "अगं, जी पोरगी ब्रश लावू देत नाही, ती तो लगदा तोंडात ठेवणार?"

"नाही ठेवणार. मी फक्त सांगितलं."

"पण तिने विचारलं?"

"विचारलं."

ते पुन्हा जेवायला लागले. पण मला ठाऊक होतं त्यांच्या मनात काय आलं असेल ते. आमची मुलगी कशाला नाही म्हणते हे आम्हाला पाठ आहे. काही मागते, असं फारसं होत नाही.

डेंच्युरिस्टनी माझ्याकडून सगळं ऐकून घेतलं. ते म्हणाले, खेळाडूंसाठी माउथगार्ड करायला मी असं माप घेतो, त्यामुळे घ्यायला माझी हरकत नाही, पण तिच्यासारख्या कुणाचं मी आजवर घेतलेलं नाही आणि जमेलच असं सांगत नाही. मग त्यांनी एक रिकामा प्लास्टिकचा ट्रे धुऊन तिच्या हातात दिला. "घरी घेऊन जा. तुझा आहे."

तो ट्रे तिच्या कोटाच्या खिशात राहायला लागला. व्हॅनमध्ये, चर्चमध्ये, टीव्ही बघताना ती तो काढून त्याच्या कडेवरून बोट फिरवायची. मिस्टरांनी एकदा गंमत म्हणून तो स्वतःच्या तोंडात घातला आणि तसंच बोलायला गेले. तिने तो त्यांच्या तोंडातून काढून घेतला, सिंकमध्ये धुतला, आणि स्वतःच्या तोंडात घातला. खालच्या दातांवर. आम्ही दोघं आपापल्या ताटात बघत जेवत राहिलो. आपण बघितलं तर ती काढेल, एवढं आम्हाला कळत होतं.

मला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली जी खरं तर वर्षानुवर्षं समोर होती. कम्युनियन, म्हणजे मिस्सातला प्रसाद, ती नेहमी हातावर घेते आणि मग स्वतः तोंडात ठेवते. नव्या फादरांनी एकदा जिभेवर द्यायला हात पुढे केला तर ती दोन पावलं मागे सरली होती. तोंडात काहीतरी जाणं हे तिचं भय नव्हतंच. दुसऱ्याच्या हाताने जाणं, आणि कधी थांबणार ते न कळणं, हे होतं.

सगळं इतकं चांगलं चाललं होतं, तेवढ्यात माझे दात काढायचा दिवस आला.

त्या दिवशी मिस्टर रजा घेऊन तिच्याजवळ थांबले होते. मी सुजलेलं तोंड घेऊन घरी आले. ओठाच्या कोपऱ्याला रक्त, नवी कवळी आत रुतलेली, बोलणं बोबडं. तिने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि किंचाळली. मग बेसमेंटमध्ये जाऊन बसली. पुढचे कितीतरी दिवस तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. मी बोलले की कान झाकायची, कारण आवाज मम्मीचा नव्हता. ट्रे तिने मागच्या अंगणात, बर्फात भिरकावून दिला. मिस्टर ड्राइव्हवेवरचं बर्फ शोव्हल करायला गेले तेव्हा मागे जाऊन त्यांनी बराच शोधला, पण सापडला नाही.

त्याच सुमारास तिचं दुसरंही काही बिनसलं होतं. ती उजव्या कानावर तळहात आपटायची, जेवण अर्धं टाकायची. माझ्या बहिणीने वसईहून सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, पाठवली होती, ती तिची अतिशय आवडती. एक घास खाऊन तिने बाजूला सारली. फॅमिली डॉक्टरांनी कान तपासला, कानात काही नव्हतं. दातांचं असेल का, असं त्यांनी विचारलं. असेल, मी म्हटलं, पण बघणार कोण आणि कसं?

कवळी रात्री काढून धुवायची असते. मी वॉशरूमचं दार उघडं ठेवून सिंकपाशी धूत असे. एका संध्याकाळी आरशात बघते तर ती माझ्या मागे उभी. मी तोंड मिटून घेतलं, तिला पुन्हा भीती वाटू नये म्हणून. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. ती हातातल्या कवळीकडे बघत होती. गुलाबी हिरडी, त्यात ओळीने दात, एकासारखा एक.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. तिसऱ्यांदा तिने हात पुढे केला. मी कवळी तिच्या हातात दिली, ब्रश दिला, आणि ती घासायला लागली. पुढून, मागून, प्रत्येक दाताची पाठ. मी कधी इतकी नीट घासली नव्हती. धुऊन तिने ती माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "मम्मी, वेअर इट."

मी घातली. तिने माझ्या तोंडाकडे नीट बघितलं, बऱ्याच दिवसांनी पहिल्यांदा.

मग हे रोजचंच काम झालं. मी तिच्यासाठी एक मऊ ब्रश आणून सिंकवर ठेवला आणि त्याबद्दल एक शब्द बोलले नाही. माझी कवळी घासून झाली की एखाद्या दिवशी ती तो उचलायची, नुसता पाण्यात भिजवून आपल्या पुढच्या दातांवर फिरवायची. पेस्टचा मिंट तिला जिभेवर चटके बसल्यासारखा लागतो, तेव्हा पेस्ट नाही. पुढे मला बिनचवीची फ्लोराइडची पेस्ट मिळाली. ती मी आधी माझ्या ब्रशला लावत गेले, मग तिने मागितली.

बर्फ वितळायला लागलं तेव्हा कवळी जरा सैल झाली म्हणून मी पुन्हा त्या दुकानात गेले. ती माझ्याआधी आत शिरली आणि थेट फळीसमोर जाऊन उभी राहिली. "माझे," ती म्हणाली. या वेळी प्रश्न नव्हता.

डेंच्युरिस्टनी तिला खुर्चीत बसवलं नाही. वर्कशॉपमधलं स्टूल पुढे ओढलं. पावडर आणि पाणी तिच्यासमोर ठेवलं आणि तिलाच कालवायला लावलं. तिने बेकिंगचं बॅटर फेटावं तसं फेटलं, ते तिला माझ्याकडून येतं. मग त्यांनी एक चमचाभर लगदा ट्रेमध्ये न भरता बाजूच्या वाटीत ठेवला.

"हे बघ," ते तिला म्हणाले. "हे आता मऊ आहे. हे घट्ट झालं की तोंडातलंही घट्ट झालं. मग तू ट्रे काढ. मी नाही काढणार, तू काढ."

मी त्यांचं बोलणं तिला मराठीत पुन्हा सांगितलं. तिने वाटीत बोट खुपसलं. "मऊ," ती म्हणाली.

पहिल्यांदा तिने ट्रे आत घातला आणि लगेच बाहेर ओढला. लगदा ओठांवर, हनुवटीवर, माझ्या कोटावर. ती स्टूलवरून उठून दारापर्यंत गेली. मला वाटलं, झालं. डेंच्युरिस्टनी टेबल पुसलं. ती दारातून परत आली, वाटीत बोट घालून बघितलं. तिथला गोळा अजून चिकट होता.

"अजून नाही," मी म्हटलं.

"नेक्स्ट टाइम," ती म्हणाली, आणि कोट घालून निघाली.

नेक्स्ट टाइम ती म्हणते तेव्हा त्याचा अर्थ बहुधा कधीच नाही असा असतो. पण पुढच्या बुधवारी सकाळी ती बूट घालून दारात उभी होती. या खेपेला तिने ट्रे खालच्या दातांवर बसवला, दांडी दोन्ही हातांनी धरली, आणि डोळे वाटीवर रोखले. घशातून एकसुरी गुणगुणत होती. लाळ हनुवटीवरून खाली आली. मी टिश्यू घेऊन पुढे झाले, डेंच्युरिस्टनी मानेनेच मला नको म्हटलं. तिने एक हात सोडला, वाटीतला गोळा दाबला, परत दांडी धरली. पुन्हा दाबला. मग तिने तो गोळा वाटीतून उचलला, उलटा केला, तो तसाच अख्खा राहिला. तेव्हा तिने ट्रे काढला.

आत तिचे सगळे खालचे दात उमटले होते. मी माझ्या मुलीचे मागचे दात याआधी कधी असे नीट बघितले नव्हते.

प्लास्टर तयार झालं तेव्हा डेंच्युरिस्टनी तो जबडा आधी तिच्या हातात दिला, आणि मग मला बाजूला घेऊन उजवीकडच्या एका दाढेवर पेन्सिलीचं टोक टेकवलं. तिथे कड तुटली होती, मधे खड्डा होता. "मी दातांचा डॉक्टर नाही," ते म्हणाले. "पण हे डॉक्टरांना दाखवा, लवकर."

माझे दात काढणाऱ्या डॉक्टरीणबाईंना मी फोन केला. त्यांनी सांगितलं, घेऊन या, मी तिला हात लावणार नाही, आणि तिचे प्लास्टरचे दातही आणा. त्या दिवशी ती पार्किंग लॉटमध्ये थांबली, पण सीट बेल्ट सोडून. दोन्ही हातांत तो जबडा धरून ती आत गेली.

डॉक्टरीणबाई तिच्यासमोर साध्या खुर्चीत बसल्या, मास्क नाही, ग्लव्ह्ज नाहीत. त्यांनी जबडा मागितला नाही. "तुझे दात छान आहेत," त्या म्हणाल्या. "यातला कुठला त्रास देतो, मला दाखवशील?"

मी तिला मराठीत विचारलं, "कुठे दुखतं, बाळा?" हा प्रश्न मी तिला जन्मभर विचारत आले आहे. पोटात दुखो, कानात दुखो, तिने कधी जागा दाखवली नाही. आपल्या अंगात दुखणं नेमकं कुठे आहे हे तिला सांगता येत नाही, किंवा तिला तो प्रश्नच कळत नाही.

तिने जबडा वळवला. अंगठ्याचं नख त्या खड्ड्यात रोवलं आणि म्हणाली, "गरम."

लहानपणी तिचं बोट तव्याला लागलं होतं, तेव्हापासून जे नकोसं होतं त्याला ती गरम म्हणते. मी डॉक्टरीणबाईंना ते सांगितलं.

बाईंनी दोन गोष्टी सुचवल्या. ती दाढ नीट भरायची तर हॉस्पिटलमध्ये भूल देऊनच, त्यासाठी नाव लावून ठेवू. पण तोवर कीड थांबवणारं एक चांदीचं औषध असतं, ते छोट्या ब्रशने दाढेवर लावायचं. ड्रिल नाही, सुई नाही. दाढ काळी पडेल, एवढंच.

"काळी पडू दे," मी म्हटलं.

ते औषध लगेच लागलं नाही. आधी तिने तो छोटा ब्रश नुसता प्लास्टरच्या दाढेवर फिरवला, घरी नेऊन माझ्या कवळीवर फिरवला. दोनदा आम्ही जाऊन नुसते परत आलो. त्यानंतरच्या वेळी ती सरळ बसली, हेडफोन लावले, तोंड उघडलं, आणि डॉक्टरीणबाईंचं मनगट स्वतःच्या हातात धरलं. बाईंनी ते धरू दिलं. तो हात दाढेपर्यंत तिनेच नेला असं म्हटलं तरी चालेल.

दाढ काळी झाली. काही आठवड्यांत कानावर हात आपटणं कमी झालं आणि मग थांबलं. उजवीकडून चावायला लागली. हॉस्पिटलचा नंबर यायचा आहे, आणि तेव्हा काय होईल याची मला अजून धास्ती वाटते. पण या वेळी तिला सांगायला आमच्याकडे चित्र नाही, तिची स्वतःची प्लास्टरची दाढ आहे, तिच्यावर बोट ठेवून सांगता येतं. वरच्या दातांचं माप तिने दिलेलं नाही. ट्रे वर लावला की तिला उमासे येतात, त्यात ती माझ्यावर गेली आहे.

मागच्या बुधवारी ती पहिल्यांदा दात साफ करून घ्यायला गेली. हायजिनिस्ट एक तरुण मुलगी होती, विनिपेगहून नुकतीच इकडे आलेली. मशीन न लावता हाताने करते, म्हणाली. खालचे पुढचे दात झाले. ती मागच्या दातांकडे वळताच माझी मुलगी म्हणाली, "ऑल डन."

हायजिनिस्टने त्याच क्षणी हात बाहेर काढला. "ओके. ऑल डन," ती म्हणाली, आणि खुर्ची मागे सरकवली.

मुलगी उठली नाही. तिने त्या हाताकडे बघितलं, तो खरंच थांबला होता. जरा वेळ तशीच बसून राहिली. मग तिने परत तोंड उघडलं.

बाहेर येऊन मी मिस्टरांना फोन लावला. त्यांची दुपारची फेरी सुरू व्हायची होती.

"किती झाले?" त्यांनी विचारलं.

"खालचे सगळे."

पलीकडे मुलांचा गलका ऐकू येत होता. ते म्हणाले, "सगळे म्हणजे, मागचेसुद्धा?"

"मागचेसुद्धा."

"तिला दे फोन."

मी फोन तिच्या कानाशी धरला. ते काय बोलले मला ऐकू आलं नाही. तिने ऐकून घेतलं, हेडफोन नीट केले, आणि गाडीत जाऊन बसली.